६३ किलोडाल्टनची रेघ

पेशीचा सारा व्यवहार एटीपी, म्हणजे अडेनोसिन ट्रायफॉस्फेट, या रेणूवर चालतो. तीन फॉस्फेट गटांची शेपटी असलेल्या या रेणूचा शेवटचा गट तुटला की ऊर्जा मोकळी होते आणि मागे दोन गटांचा एडीपी उरतो. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेच्या बळावर तंतुकणिका त्याच एडीपीवर पुन्हा तिसरा गट चढवतात. शरीरात एका वेळी शिल्लक असलेला एटीपी अगदी थोडा असतो, परंतु दिवसभरात तो इतक्या वेळा मोडला आणि जोडला जातो की त्याची एकूण उलाढाल माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या घरात जाते. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या साठ्यात तूट पडू लागली तर ती फार वाढण्याआधीच पेशीला कळणे आवश्यक असते, कारण एटीपी खरोखरच संपला तर पेशी काही मिनिटांत मरते.

तूट ओळखण्यासाठी पेशी एटीपीपेक्षा एएमपी या एकाच फॉस्फेट गटाच्या रेणूकडे अधिक लक्ष देते. एडीपी साचू लागला की अडेनिलेट काइनेज नावाचे विकर दोन एडीपी एकत्र आणून त्यांतून एक एटीपी आणि एक एएमपी तयार करते. या अभिक्रियेच्या समतोलाचे गणित असे आहे की एटीपीच्या तुलनेत एडीपीचे प्रमाण जितक्या पटीने वाढते, त्याच्या वर्गाच्या पटीने एएमपीचे प्रमाण वाढते. पहिले तिप्पट झाले तर दुसरे नऊपट होते. शिवाय स्वस्थ पेशीत एएमपी मुळातच अत्यल्प असल्यामुळे एटीपीमध्ये झालेली किरकोळ घटही एएमपीच्या मोठ्या वाढीच्या रूपाने उठून दिसते. ही वाढ टिपून पेशीचा खर्च आवरणारे आणि उत्पन्न वाढवणारे विकर म्हणजे एएमपी-सक्रियित प्रथिन काइनेज, ज्याला जगभरच्या प्रयोगशाळांत एएमपीके या आद्याक्षरांनी ओळखतात. प्रथिन काइनेज म्हणजे एटीपीवरचा फॉस्फेट गट काढून दुसऱ्या प्रथिनावर चढवणारे विकर, आणि असा गट चढल्याने त्या दुसऱ्या प्रथिनाचे काम सुरू होते, थांबते किंवा बदलते.

हे विकर दोनदा सापडले आणि दोन्ही वेळा ते वेगळेच काही असल्याचे मानले गेले. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९७३ साली दोन निरनिराळ्या गटांनी दोन निरनिराळे शोध प्रसिद्ध केले. बेग, ऑलमन आणि गिब्सन यांना कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवरचे एक कळीचे विकर निष्क्रिय करणारा घटक आढळला, तर पर्ड्यू विद्यापीठातील कार्लसन आणि किम यांना मेदाम्ले बनवण्याच्या वाटेवरचे अॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेज हे विकर बंद पाडणारा घटक आढळला. हे दोन्ही घटक म्हणजे एकच काइनेज होय, हे स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात ग्रॅहम हार्डी यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९८७ साली दाखवले, आणि त्यानंतर लवकरच त्याला आजचे नाव मिळाले. कोलेस्टेरॉल आणि मेद बनवणे ही दोन्ही कामे खर्चिक असल्यामुळे ऊर्जेची चणचण जाणवताच दोहोंवर एकाच हाताने कात्री चालवली जावी, हे पुढे सगळ्यांनाच स्वाभाविक वाटले. परंतु ते ध्यानात यायला चौदा वर्षे गेली.

एएमपीके तीन उपघटकांचे मिळून बनते. फॉस्फेट चढवण्याचे प्रत्यक्ष काम करणारा अल्फा, जोडणीचा सांगाडा पुरवणारा आणि ग्लायकोजेनला चिकटू शकणारा बीटा, आणि एएमपी, एडीपी व एटीपी यांना आपल्या खाचांत धरून ऊर्जेची स्थिती ओळखणारा गॅमा. सस्तन प्राण्यांत अल्फाचे दोन, बीटाचे दोन आणि गॅमाचे तीन प्रकार वेगवेगळ्या जनुकांपासून तयार होतात, त्यामुळे या विकराच्या बारा जुळण्या संभवतात. २००७ साली लंडनमधील संशोधकांनी गॅमा-१ ची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा त्याच्या चार संभाव्य खाचांपैकी एक रिकामी, एक एएमपीला कायमची धरून बसलेली आणि उरलेल्या दोन परिस्थितीनुसार एएमपी किंवा एटीपी स्वीकारणाऱ्या असल्याचे दिसले. संवेदनाचे खरे काम या अदलाबदलीत आहे.

गॅमाचे महत्त्व मात्र त्याआधीच एका अनपेक्षित ठिकाणी सिद्ध झाले होते. हॅम्पशायर जातीच्या काही डुकरांचे मांस कत्तलीनंतर प्रमाणाबाहेर आम्लधर्मी होते आणि त्यापासून शिजवलेले हॅम वजनाला कमी भरते, अशी मांस उद्योगाची जुनी तक्रार होती. या डुकरांच्या स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा नेहमीपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक असतो आणि मृत्यूनंतर त्याचेच लॅक्टिक आम्ल होते. या दोषाचे मूळ गॅमा-३ या उपघटकातील २०० व्या स्थानावरच्या एका अमिनो आम्लाच्या बदलात असल्याचे २००० साली दाखवण्यात आले. पुढच्याच वर्षी गॅमा-२ मधील बिघाडामुळे काही कुटुंबांत हृदयाचे स्नायू जाड होणे आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणे असा आनुवंशिक विकार होतो, हेही स्पष्ट झाले. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतील एक दुवा बदलला आणि पेशीचा ऊर्जेचा हिशेब कायमचा चुकू लागला.

अल्फा उपघटकावरचा असाच एक दुवा या प्रकरणाच्या मुळाशी आहे. अल्फामधील १७२ व्या स्थानावर थ्रिओनिन नावाचे अमिनो आम्ल असते, आणि त्यावर फॉस्फेट गट चढला की विकराची क्षमता शंभरपटीहून अधिक वाढते. हा गट चढवण्याचे काम मुख्यतः एलकेबी-१ नावाचे दुसरे काइनेज करते, ज्याच्या जनुकातील दोषाने आतड्यांत गाठी होण्याचा पॉइट्झ-जेगर्स हा विकार उद्भवतो. एएमपी गॅमाला चिकटला की हा गट चढणे सुकर होते आणि चढलेला गट उतरवू पाहणाऱ्या फॉस्फटेज विकरांपासून त्याचे रक्षणही होते. याखेरीज एएमपी विकराला थेटही चेतवतो. १७२ हा क्रमांक मूळ उंदराच्या प्रथिनावरून ठरला आणि मानवी अल्फा-१ मध्ये तो पुढे सरकतो, तरी संशोधनपत्रांत १७२ च रूढ राहिला आहे आणि नवख्या विद्यार्थ्याला प्रथिनांच्या माहितीकोशात ती जागा शोधताना त्यामुळे थोडे अडखळायला होते.

आता प्रश्न असा की हजारो प्रथिनांच्या गर्दीतून हे एक प्रथिन, आणि त्यातही त्याच्या एका अमिनो आम्लावर एक फॉस्फेट गट चढला आहे की नाही, हे ओळखायचे कसे. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाही आणि रासायनिक कसोट्यांना एक प्रथिन दुसऱ्यासारखेच वाटते. ही निवड करू शकणारे साधन प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीने पूर्वीच तयार करून ठेवले आहे. परका रेणू शरीरात शिरला की रक्तातील बी-पेशी त्याच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या छोट्या भागाला नेमके चिकटणारे प्रथिन बनवतात. त्या प्रथिनाला प्रतिपिंड, ज्याविरुद्ध ते बनले त्या रेणूला प्रतिजन आणि जिथे ते चिकटते त्या छोट्या भागाला प्रतिजनबिंदू म्हणतात. नेहमीच्या प्रतिपिंडाचे वजन सुमारे १५० किलोडाल्टन असते. किलोडाल्टन हे रेणूंच्या वजनाचे परिमाण असून एक डाल्टन म्हणजे ढोबळमानाने हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांच्या या रचनेला दोन भुजा असतात आणि पकड त्यांच्या टोकांशी असते. प्राण्याला टोचून त्याच्या रक्तातून प्रतिपिंडे मिळवण्याची रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे नाव ज्या सर्पदंशावरील प्रतिविषाशी जोडलेले आहे, ते घोड्यांच्या रक्तातूनच मिळते.

प्रयोगशाळेसाठी एएमपीकेचे प्रतिपिंड करायचे तर बहुधा अख्खे विकर टोचत नाहीत. अल्फाच्या साखळीतला दहा-पंधरा अमिनो आम्लांचा एखादा तुकडा रासायनिक रीतीने जोडून घेतात, आणि एवढा छोटा तुकडा प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरत नाही म्हणून तो एका मोठ्या वाहक प्रथिनावर चढवतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका मोठ्या समुद्री गोगलगायीच्या रक्तातले निळे प्रथिन या कामी फार वापरले जाते; सस्तन प्राण्याला ते इतके परके असते की प्रतिसाद जोरकस येतो. ससा, शेळी किंवा मेंढी यांना काही आठवड्यांच्या अंतराने मात्रा टोचून मग त्यांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे वेगळी काढली जातात. डंडीच्या प्रयोगशाळेने अल्फा-१ आणि अल्फा-२ यांना वेगवेगळे ओळखणारी प्रतिपिंडे मेंढ्यांत तयार केली आणि या दोन प्रकारांची कामगिरी स्वतंत्रपणे मोजण्यासाठी ती दीर्घकाळ वापरली गेली.

फॉस्फेट चढलेले १७२ वे थ्रिओनिन तेवढेच ओळखणारे प्रतिपिंड बनवणे अधिक नाजूक असते. त्यासाठी तुकड्यात फॉस्फेटयुक्त थ्रिओनिनच घालतात, पण प्राण्याचे शरीर त्या तुकड्याच्या साऱ्याच भागांविरुद्ध प्रतिपिंडे बनवत असल्यामुळे रक्तद्रवात फॉस्फेट असो वा नसो, कसेही चिकटणारी प्रतिपिंडेही येतात. म्हणून तो रक्तद्रव आधी फॉस्फेटयुक्त तुकडा जडवलेल्या स्तंभातून नेऊन चिकटणारी प्रतिपिंडे राखतात आणि नंतर फॉस्फेटविरहित तुकड्याच्या स्तंभातून नेऊन तिथे अडकणारी टाकून देतात. दोन्ही चाळण्यांतून जे उरते त्याचे प्रमाण फार थोडे असते, आणि दुसरी चाळणी ढिली राहिली तर बाटलीवरचे नाव फॉस्फेटचे असूनही आतला माल सर्वच अल्फांना चिकटत राहतो.

अशा रक्तद्रवातून मिळालेली प्रतिपिंडे बहुकृंतकीय असतात, म्हणजे अनेक बी-पेशींच्या वंशांनी बनवलेल्या निरनिराळ्या रेणूंचे ते मिश्रण असते. तो ससा मेला की तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. या अडचणीवरचा तोडगा केंब्रिजमध्ये १९७५ साली जॉर्जेस कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी काढला. प्रतिपिंड बनवणारी पण लवकर मरणारी बी-पेशी आणि अखंड वाढणारी कर्कपेशी यांचे मीलन घडवून त्यांनी दोहोंचे गुण असलेली संकरपेशी मिळवली. या तंत्रात मीलन न झालेल्या पेशी वगळण्यासाठी जे वाढद्रव्य वापरतात, त्यात डीएनएचे घटक बनवण्याची मुख्य वाट अडवणारे औषध असते. पर्यायी वाटेचे विकर नसलेली कर्कपेशी त्यात मरते, एकटी बी-पेशी तशीही काही दिवसांत मरते, आणि एकीचे आयुष्य व दुसरीचे विकर लाभलेली संकरपेशी तेवढी तगते. एका संकरपेशीपासून वाढवलेल्या वंशाची सारी प्रतिपिंडे अगदी एकसारखी, म्हणजे एककृंतकीय असतात. या तंत्राचे एकस्व घेतले गेले नाही आणि त्यावर पुढे अब्जावधींचा उद्योग उभा राहिला. १९८४ साली कोलर आणि मिलस्टाइन यांना नील्स येर्न यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आता याही पुढे जाऊन प्रतिपिंडाच्या जनुकाचा क्रम वाचून ते संवर्धनातल्या पेशींकडून बनवून घेतले जाते. अशा पुनःसंयोजित प्रतिपिंडाला प्राण्याची गरज उरत नाही, आणि संकरपेशींच्या वंशात कालांतराने होणारे बदल किंवा तो वंशच नष्ट होणे यांचीही धास्ती राहत नाही.

एएमपीकेचे प्रतिपिंड सर्वाधिक वापरले जाते ते वेस्टर्न ब्लॉट या पद्धतीत. १९७९ साली बाझेल येथे टोबिन, श्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी ती प्रसिद्ध केली. डीएनएसाठीची तशीच पद्धत एडविन सदर्न यांच्या आडनावाने चालत असल्यामुळे सिएटलच्या नील बर्नेट यांनी १९८१ साली प्रथिनांच्या पद्धतीला गमतीने पश्चिम दिशा बहाल केली आणि ती टिकली. पद्धतीची रूपरेषा सरळ आहे. ऊतीचा किंवा पेशींचा अर्क साबणासारख्या एका रसायनात तापवला की प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि सर्वांवर ऋण विद्युत्भार चढतो. मग जेलच्या पातळ थरातून वीजप्रवाहाच्या ओढीने ती धावू लागतात आणि हलकी पुढे, जड मागे अशी वजनाप्रमाणे विभागली जातात. तिथून ती एका पटलावर उतरवून घेतात, पटलाच्या रिकाम्या जागा निरुपद्रवी प्रथिनाने झाकतात आणि त्यावर प्रतिपिंडाचे द्रावण फिरवतात. अल्फाला चिकटलेल्या या पहिल्या प्रतिपिंडाला ओळखणारे दुसरे प्रतिपिंड, ज्याला हॉर्सरॅडिश या तिखट कंदातून मिळणारे पेरॉक्सिडेज विकर जोडलेले असते, नंतर घालतात, आणि ल्युमिनॉल हे रसायन मिळताच त्या विकराच्या क्रियेने निळसर प्रकाश निघतो. तो प्रकाश फिल्मवर किंवा कॅमेऱ्यात टिपला की सुमारे ६३ किलोडाल्टनच्या जागी एक काळी रेघ उमटते.

पटलाच्या रिकाम्या जागा झाकायला बहुतेक ठिकाणी बाजारात मिळणारी सायविरहित दुधाची भुकटी वापरतात, कारण ती स्वस्त आणि गुणकारी आहे. फॉस्फेट ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या वेळी मात्र जाणकार तिथे गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन घेणे पसंत करतात. दुधातील केसीनवर स्वतःचेच भरपूर फॉस्फेट गट असतात आणि त्यामुळे पटलाची पार्श्वभूमी गढूळ होण्याची शक्यता असते. अशा बारीकसारीक गोष्टी पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतात आणि बहुधा वरिष्ठ विद्यार्थ्याकडून कनिष्ठ विद्यार्थ्याकडे जातात.

याहून मोठी गोम नमुना घेण्याच्या क्षणात आहे, आणि ती या विकराच्या स्वभावातूनच येते. उंदराचे यकृत कापून बाहेर काढले की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, प्राणवायू संपतो, एटीपी घटतो आणि एएमपी वाढतो. म्हणजे ज्या संकटाची नोंद घेण्यासाठी हे विकर घडले आहे, तेच संकट संशोधकाच्या कात्रीने निर्माण होते. काही सेकंदांचा उशीर झाला तरी १७२ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढलेला दिसतो आणि उपाशी उंदीर व जेवलेला उंदीर यांतला फरक पुसट होतो. यावर उपाय म्हणून ऊती द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, थंड केलेल्या धातूच्या चिमट्यात तत्क्षणी दाबून गोठवतात. हार्डी यांच्या गटाने १९९२ साली याच रीतीने यकृतातील मेद बनवण्याच्या विकरावर एएमपीके दिवसभरात कसकसा परिणाम करते ते दाखवले. पुढे अर्क काढतानाही फॉस्फटेज विकरांना रोखणारी रसायने घालावी लागतात, नाहीतर चढलेला गट नळीतच उतरतो. चांगले प्रतिपिंड वाईट नमुन्याला सुधारू शकत नाही, आणि या विकराच्या बाबतीत प्रसिद्ध झालेल्या कितीतरी परस्परविरोधी निष्कर्षांमागे प्रतिपिंडापेक्षा ऊती गोठवण्यातली दिरंगाई असावी, असे मानायला जागा आहे.

रेघ उमटली तरी ती वाचायची कशी हा प्रश्न उरतोच. प्रतिपिंड प्रथिन ओळखत नाही, त्यावरचा चिमुकला बिंदू ओळखते; एखाद्या माणसाला केवळ दंडावरच्या गोंदणावरून ओळखावे तशातला हा प्रकार आहे आणि तेच गोंदण दुसऱ्याच्याही दंडावर असू शकते. १७२ व्या थ्रिओनिनच्या आजूबाजूचा क्रम अल्फा-१ आणि अल्फा-२ मध्ये सारखाच असल्याने फॉस्फेट ओळखणारे प्रतिपिंड दोहोंना चिकटते, आणि दोघांचे वजनही जवळजवळ एक असल्याने ६३ च्या रेघेत कोणाचा वाटा किती हे नुसत्या ब्लॉटवरून सांगता येत नाही. त्यातच एलकेबी-१ च्या हाताखाली एएमपीकेची डझनभर भावंडे काम करतात, त्यांच्यातही हाच भाग बराचसा सारखा असतो, आणि म्हणून प्रतिपिंड त्यांच्याकडे वळत नाही ना, हे तपासावे लागते. उरलेल्या उपघटकांच्या अडचणी निराळ्या. अमिनो आम्लांवरून हिशेब केला तर बीटा-१ चे वजन ३० किलोडाल्टनच्या आसपास येते, परंतु जेलमध्ये ते ३८ च्या जवळ थांबते. गॅमा-१ सुमारे ३७ वर येते आणि नेमके तिथेच जीएपीडीएच हे प्रथिनही येते, जे प्रत्येक नमुन्यात सारखाच अर्क भरला आहे ना हे पाहण्यासाठी शेजारी दाखवण्याची प्रथा आहे. गॅमा-१ शोधणाऱ्याने अशा वेळी अॅक्टिन किंवा ट्युब्युलिनचा आधार घेतलेला बरा.

यापुढची अडचण समजुतीची आहे. अल्फा उपघटक पेशीत आहे का, त्याच्या १७२ व्या जागी फॉस्फेट आहे का, आणि विकर प्रत्यक्षात काम करत आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रतिपिंड त्यांतल्या एकाचेच उत्तर देते. एकूण अल्फा ओळखणारे प्रतिपिंड पहिल्याचे आणि फॉस्फेटचे प्रतिपिंड दुसऱ्याचे उत्तर देते, म्हणून दोन्ही रेघा शेजारी ठेवून त्यांचे गुणोत्तर काढतात. तिसऱ्याचे उत्तर दोघांकडेही नसते, कारण एएमपी फॉस्फेटचे प्रमाण न बदलताही विकराला चेतवू शकतो आणि ए-७६९६६२ या नावाने परिचित असलेल्या कृत्रिम रेणूसारखी काही रसायनेही तेच करतात. म्हणूनच या क्षेत्रातले अनुभवी लोक अल्फाच्या जोडीला अॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेजवरच्या ७९ व्या सेरिनचा फॉस्फेट पाहतात. एएमपीके ज्याच्यावर काम करते त्याच्यावर कामाची खूण उमटली आहे का, हे त्यातून कळते. २६५ ते २८० किलोडाल्टनचे हे अवजड प्रथिन जेलमधून पटलावर नीट उतरवणे कटकटीचे असते, आणि अनेक ठिकाणी ही तपासणी गाळली जाण्याचे कारण बहुधा तेवढेच असते.

प्रतिपिंड खरे की खोटे याची सर्वांत कठोर परीक्षा म्हणजे ज्या पेशींत ते प्रथिन मुळात नाहीच त्यांच्यावर ते वापरून पाहणे. एएमपीकेच्या बाबतीत ही परीक्षा सोपी नव्हती. अल्फा-१ किंवा अल्फा-२ यांपैकी एकाचे जनुक काढलेले उंदीर जगतात, पण दोन्ही काढले तर गर्भ पुरता वाढण्याआधीच दगावतो. त्यामुळे अशा गर्भांपासून मिळवलेल्या संयोजी पेशी संवर्धनात वाढवून त्यांचा अर्क तपासणीसाठी वापरला जाऊ लागला. त्या अर्कातही ६३ च्या जागी रेघ आली तर ती अल्फाची नाही, इतका हा निवाडा स्वच्छ आहे. आता क्रिस्पर तंत्राने मानवी पेशींतूनही जनुके काढता येत असल्यामुळे हा निवाडा टाळायला सबब राहिलेली नाही.

तरीही तो फार काळ टाळला गेला, आणि त्याची किंमत मोठी होती. २०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक सहस्वाक्षरीकारांसह ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या टिपणात निकृष्ट प्रतिपिंडांवर जगभरात दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर वाया जात असल्याचा अंदाज मांडला आणि सर्व प्रतिपिंडे जनुकक्रमाने निश्चित केलेली असावीत अशी मागणी केली. पुढच्या वर्षी मथियास उलेन यांच्या पुढाकाराने एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रतिपिंड पारखण्याच्या पाच वाटा सुचवल्या. जनुक काढून पाहणे ही त्यांतली पहिली. एकाच प्रथिनाच्या दोन वेगळ्या बिंदूंवर चिकटणारी दोन प्रतिपिंडे एकच उत्तर देतात का हे पाहणे, किंवा प्रतिपिंडाने पकडलेले प्रथिन वस्तुमानमापनाने ओळखणे, या इतर वाटांपैकी काही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत ६५ मानवी प्रथिनांविरुद्धची ६१४ विक्रीची प्रतिपिंडे जनुक काढलेल्या पेशींवर एकाच पद्धतीने पारखली गेली. पुनःसंयोजित प्रतिपिंडे इतरांपेक्षा सरस ठरली, तर प्रत्येक प्रथिनामागे सरासरी डझनभर संशोधनपत्रांत लक्ष्य न ओळखणारे प्रतिपिंड वापरले गेले असल्याचे आढळले. या तपासणीची उल्लेखनीय गोष्ट अशी की त्यात उत्पादक स्वतः सहभागी होते आणि नापास झालेली अनेक उत्पादने त्यांनी बाजारातून काढून घेतली किंवा त्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या.

प्रतिपिंड निर्दोष असले, नमुना वेळेत गोठवला गेला आणि रेघ खरी ठरली, तरी तिच्यावरून किती दूरचा निष्कर्ष काढावा याचे सर्वांत बोधक उदाहरण मेटफॉर्मिन या गोळीचे आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात, मग ते घर पुण्यातले असो वा परदेशातले, ही गोळी बहुधा असतेच. तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मितीच्या साखळीची पहिली कडी ती मंदावते, एएमपी वाढतो आणि यकृतातील १७२ व्या थ्रिओनिनची रेघ गडद होते. २००१ साली हे दाखवले गेल्यावर मेटफॉर्मिन एएमपीकेच्या द्वारे साखर उतरवते हे जवळजवळ सर्वमान्य झाले, आणि २००५ साली यकृतातून एलकेबी-१ काढलेल्या उंदरांत औषधाचा परिणाम नाहीसा झाल्याच्या अहवालाने ते पक्के झाले. मग २०१० साली फ्रान्समधील बेनुआ व्हिओले यांच्या गटाने एएमपीके किंवा एलकेबी-१ नसलेल्या यकृतपेशींना मेटफॉर्मिन दिले, तेव्हा तिथेही साखरेची निर्मिती घटली. ऊर्जेची तूट स्वतःच ती निर्मिती रोखत होती आणि गडद रेघ त्याच तुटीची दुसरी खूण होती. परंतु २०१३ साली आणखी एक प्रयोग झाला. अॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेजच्या दोन्ही प्रकारांवर एएमपीके जिथे फॉस्फेट चढवते ती सेरिने जनुकातच बदलून टाकलेल्या उंदरांत यकृतात मेद साठला, इन्सुलिनचा प्रभाव मंदावला आणि मेटफॉर्मिनने तो सुधारला नाही. एकाच गोळीचा साखरेवरचा तात्काळ परिणाम या विकरावाचूनही होऊ शकतो आणि इन्सुलिनची संवेदनशीलता वाढवण्याचा परिणाम मात्र त्याच्यामार्फतच होतो, असे चित्र त्यातून पुढे आले. आणि ब्लॉटवर पाहिले तर दोन्ही परिणामांच्या वेळी ६३ किलोडाल्टनची रेघ सारखीच गडद असते.